कुंडीचा हात

व्हिसा कचेरीत खिडकी क्रमांक सातच्या काचेपलीकडे बसलेल्या अधिकारी बाईंनी लग्नाचे एकेचाळीस फोटो पत्त्यांसारखे पसरले, त्यातला एक उचलून नाकापाशी नेला आणि अगदी सौजन्याने विचारलं, "तुमच्या खांद्यावर हात ठेवलेली ही कुंडी कोण आहे?"

चिंगीची तयारी दांडगी होती. मोठ्या काकूने एकशे बारा प्रश्न वहीत उतरवून दोन महिने तिची रोज परीक्षा घेतली होती. सासूचं माहेरचं आडनाव, नवऱ्याच्या दात घासायच्या ब्रशचा रंग, तो कुठल्या कुशीवर झोपतो, घोरतो का, घोरत असेल तर कधीपासून. हा शेवटचा प्रश्न काकू मोठ्या काकांसमोर मुद्दाम चढ्या आवाजात विचारायची आणि काका वर्तमानपत्र आणखी वर धरायचे. लग्नानंतर नवऱ्याबरोबर जेमतेम एकोणीस दिवस राहिलेल्या मुलीला याहून जास्त माहिती असती तर तोच संशयाला पुरावा झाला असता. पण एकशे बारांत कुंडीचा प्रश्न नव्हता.

तिने काचेतून फोटोकडे पाहिलं. नोंदणी कार्यालयाची पायरी. डावीकडे मोठी काकू, तिच्या शेजारी नवरा. परदेशात लिफ्ट दुरुस्त करणारा, एरवी अंधाऱ्या पोकळीत दोरावर लटकायला न घाबरणारा हा माणूस नव्या कोटात मात्र पार अवघडून गेला होता. मध्ये ती स्वतः. आणि उजवीकडे रुंद पानांची एक भरगच्च कुंडी. त्या पानांतून मनगटापर्यंतचा एक हात बाहेर आला होता आणि चिंगीच्या खांद्यावर निवांत विसावला होता.

"ती ना," चिंगी म्हणाली, आणि जिभेला लहानपणापासून लागलेल्या वळणाने ऐन वेळी दगा दिला. "ती नुसती कुंडी आहे."

घरात दुसरं उत्तर कुणाला शिकवलेलंच नव्हतं. आजोबांनी चौकात फोटो स्टुडिओ काढला त्याच्या तिसऱ्या वर्षी पाटी कुठल्या बाजूला लावायची यावरून त्यांचं सख्ख्या भावाशी वाजलं. पाटी डावीकडे लागली आणि भाऊ कायमचा उजवीकडे निघून गेला. आजोबांनी भिंतीवरचा घराण्याचा फोटो उतरवला, सोळा वर्षांच्या धाकट्या मुलापुढे, म्हणजे चिंगीच्या बाबांपुढे ठेवला आणि म्हणाले, "याला काढ." बाबांनी काढला. पण माणूस काढला की भोक उरतं, म्हणून त्या जागी स्टुडिओतली शोभेची कुंडी रंगवली. कुंडी इतकी हुबेहूब उतरली की आजोबांचा राग पळाला आणि सवय मात्र घरात राहिली.

तेव्हापासून जो भांडेल, उलट बोलेल, जेवणावरून उठून जाईल, त्याला कुंडी लागायची. त्याचं नाव घ्यायचं नाही. पोराबाळांनी विचारलं, इथे कोण होतं, तर एकच उत्तर: नुसती कुंडी आहे. स्टुडिओत काकांच्या खुर्चीमागे लावलेल्या मोठ्या फोटोत मुळात तेवीस माणसं होती. आता चौदा माणसं होती आणि नऊ कुंड्या. गिऱ्हाईकं म्हणायची, तुमच्याकडे सगळ्यांना झाडांची भारी हौस दिसते. काका म्हणायचे, हो, वडिलांपासून.

"नुसती कुंडी," अधिकारी बाईंनी मान डोलवली. आपली भाषा त्या कुठल्याशा वर्गात शिकल्या होत्या आणि चिंगीपेक्षा शुद्ध बोलत होत्या. "ही नुसती कुंडी एकोणीस फोटोंमध्ये आहे. कार्यालयात आहे. भोजनाच्या हॉलमध्ये आहे. इथे ती गाडीच्या मागच्या सीटवर तुमच्या शेजारी बसली आहे. ती तुमच्याबरोबर प्रवास करते का?"

मागच्या बाकावरचा एक गृहस्थ खोकला. चिंगीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तुमच्या विवाहाच्या दाखल्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत," बाई पुढे म्हणाल्या. "एक तुमचे काका. ते सर्व फोटोंमध्ये आहेत, मधोमध. दुसऱ्या तुमच्या आत्या. त्या एकाही फोटोत नाहीत. जिथे त्या असायला हव्यात तिथे वनस्पती आहे. मी अकरा वर्षं हे काम करते. मी भाड्याने आणलेले नवरे पाहिले आहेत. साक्षीदाराच्या जागी कुंडी पाहिली नव्हती."

त्यांनी एक गुलाबी चिठ्ठी काचेखालून सरकवली. गुरुवारी सकाळी नऊ वाजता मूळ फोटो आणायचे आणि दुसऱ्या साक्षीदाराला स्वतः हजर करायचं. नाही जमलं, तर हे लग्न खरं आहे असं त्यांना मानता येणार नव्हतं. पुन्हा अर्ज, पुन्हा रांग, आणि मग कमीत कमी दोन वर्षं. चिंगीने आधीच चौदा महिने काढले होते. रोज फोनच्या पडद्यावर टाळूपासून भुवयांपर्यंतच दिसणाऱ्या नवऱ्याशी बोलून ती कंटाळली होती. तिला तो अख्खा हवा होता.

*

"एकशे बारांपैकी किती आले?" स्टुडिओचं दार उघडायच्या आत काकूने विचारलं.

"अकरा."

"घोरण्याचा आला का?"

"नाही."

"बघा! मी म्हटलंच होतं, सगळं शेवटच्या क्षणी बदलतात," काकू म्हणाली, आणि मग तिने गुलाबी चिठ्ठी वाचली. वाचता वाचता ती खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर पासपोर्टसाठी फोटो काढायला आलेली गिऱ्हाईकं बसायची, त्यामुळे काकूच्या चेहऱ्यावर दोन्हीकडून झगझगीत प्रकाश पडला आणि तिला काय वाटतंय ते कुणापासून लपून राहिलं नाही.

मोठ्या काकांनी चिठ्ठी हातात न घेता लांबूनच वाचली आणि चिंगीकडून कुंडीतल्या हाताचं ऐकून घेतलं. ते घरातले कर्ते होते आणि कर्त्या माणसाने कागद हातात घेतला की जबाबदारी येते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "धाकट्या!"

बाबा कॉम्प्युटरपुढून उठून आले. ते नेहमी असेच यायचे, कुणाच्या तरी नाकावरचा फोड पुसता पुसता उठल्यासारखे.

"हात राहिला," काका म्हणाले.

"हो," बाबा म्हणाले.

"चाळीस वर्षं हे काम करतोस. सबंध माणसं काढलीस, आणि एक हात राहतो? अल्बम तपासला नाहीस?"

"अल्बम तूच तपासतोस, दादा."

"मी माणसं तपासतो! हात मोजत बसू का? डोळे गेलेत तुझे."

"असतील," बाबा म्हणाले.

चिंगीने बाबांकडे पाहिलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायची आणि बाबांच्या चष्म्याच्या काचा लग्नाआधी महिनाभर तिनेच बसवल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ तर वाचलीच, तिच्याखाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं होतं. तिच्या मनात काहीतरी अडकलं.

"यात एवढं काय आहे," काकूने सूत्रं हातात घेतली. "हात काढून टाका आणि नव्या प्रती न्या."

"ते फोटो त्यांनी ठेवून घेतलेत, काकू."

"मग नवीन करताना तिथे मला घाला. मी तर होतेच तिथे."

"तू डावीकडे आधीच आहेस," काका म्हणाले.

"मग डावीकडे कुंडी लावा! मी उजवीकडे येते."

पोरीच्या भल्यासाठी स्वतःलाच कुंडी लावून घ्यायला निघालेली काकू पाहून काकांनाही क्षणभर गहिवरून आलं.

"पण सही?" चिंगी म्हणाली. "सही आत्याची आहे."

हा शब्द स्टुडिओत चौदा महिन्यांत कुणी उच्चारला नव्हता. लग्नाच्या जेवणात नवऱ्याकडची मंडळी काकांच्या बक्षीस मिळालेल्या फोटोचं कौतुक करत होती आणि त्या उजेडासाठी आपण सहा तास कसे ताटकळलो, ते काका विनम्रपणे सांगत होते. हातात पाण्याचा जग घेऊन आत्या तिथून जात होती. ती थांबली आणि म्हणाली, "सहा तास? दादा, त्या दिवशी तू दाढ काढायला गेला होतास. फोटो धाकट्याने काढलाय." मग तिने शांतपणे सगळ्यांचे पेले भरले. अल्बम छापून येईपर्यंत आत्याची एकोणीस ठिकाणी कुंडी झाली होती. आई गेल्यावर चार वर्षांच्या चिंगीला जिने न्हाऊमाखू घालून वाढवलं, ती हीच आत्या. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

"मूळ फोटो असतील ना?" चिंगीने विचारलं.

"काम झालं की मूळ फोटो पुसायचे, हा दादाचा नियम आहे," बाबा म्हणाले. "पुसले."

"मग आत्याला घेऊन जावं लागेल. आणि खरं सांगावं लागेल."

"खरं!" काका उठून उभे राहिले. "बाहेर पाटीवर काय लिहिलंय? पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो. निम्मं गाव याच स्टुडिओतला फोटो घेऊन त्याच खिडकीवर जातं. या दुकानात फोटोतली माणसं बदलतात, असं तिथे एकदा लिहून झालं की उद्या शटर खाली. तू सांग, अल्बम बाहेरच्या माणसाकडून करून घेतला. तो लफंगा निघाला."

"मागे शिक्का आहे, काका."

"कसला?"

"स्टुडिओचा. एकेचाळीसही फोटोंच्या मागे. तुम्हीच मारलाय."

काकांनी तो शिक्का टेबलावरून उचलला, पाहिला आणि पुन्हा जागेवर ठेवला. पाच वर्षांची हमी, असंही त्यावर होतं.

"जाऊ दे तिला तुमच्या बहिणीकडे," काकू अचानक म्हणाली. "मी दोन महिने घसा कोरडा केलाय. गल्लीत सगळ्यांना सांगून बसलेय, पोरगी चालली म्हणून. आता काय सांगू, झाड आडवं आलं?"

"तू तिच्या बाजूने बोलतेस?"

"मी व्हिसाच्या बाजूने बोलते!"

काकांनी मागच्या मोठ्या फोटोकडे फक्त एकदा नजर टाकली. चौदा माणसं, नऊ कुंड्या. काकू त्यात अगदी कडेला उभी होती, आणि कडेच्या माणसाला काढणं किती सोपं असतं हे तिने अनेकदा पाहिलं होतं. ती उठली आणि उगाच दिव्याची दिशा बदलू लागली.

"मी अडवत नाही," काका शांतपणे म्हणाले, आणि त्यांचा शांतपणा आरडाओरड्यापेक्षा वाईट होता. "जा. पण त्या बाईला घेऊन त्या खिडकीवर गेलीस, तर परत आल्यावर या फोटोत स्वतःला शोधू नकोस."

चिंगीने बाबांकडे पाहिलं. एक शब्द तरी बोलतील म्हणून वाट पाहिली. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि आत निघून गेले. तिला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बहिणीसाठी बोलले नाहीत ते नाहीत, पोरीसाठीही त्यांच्या तोंडातून शब्द फुटू नये?

*

आत्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम होती. चादरींच्या डोंगरामागून तिचा आवाज आधी आला.

"अरे वा! चौदा महिन्यांनी. मला पाणी घालायला आलीस की पानं पुसायला?"

चिंगीने वाटेत दहा वाक्यं जुळवली होती. ती सगळी वाफेत विरून गेली. तिने पिशवीतून आपल्याकडची प्रत काढली आणि आत्यापुढे धरली.

आत्याने ओले हात कमरेला पुसले आणि फोटो उजेडात नेला. आधी तिला हसू आलं. "पानं बरी दिलीत मला. मी एवढी रुंद आहे का?" मग तिला हात दिसला. अंगठ्याच्या मुळाशी, इस्त्री निसटली तेव्हाचा अर्ध्या चंद्रासारखा डाग होता. फोटोतही होता. आत्याने स्वतःचा अंगठा फोटोतल्या अंगठ्याशेजारी धरला. मागे यंत्रं घुमत होती.

"काय म्हणाले, चुकून राहिला?" तिने विचारलं.

"हो. काका म्हणाले, बाबांचे डोळे गेले."

"हं," आत्या म्हणाली. "दिसतंय."

"आत्या, मी त्या बाईला सांगितलं..." चिंगी म्हणाली. "हात वर करून शपथ घेतली आणि सांगितलं, नुसती कुंडी आहे. तू. मला दुसरं काही सुचलंच नाही. आणि चौदा महिने मी इथे फिरकले नाही ते कुणी अडवलं म्हणून नाही. मला भीती वाटली. मला त्या फोटोत राहायचं होतं."

आत्याला लागलं. ते तिच्या तोंडावर दिसलं, आणि लपवायचे कष्ट तिने घेतले नाहीत. तिने एक चादर उचलली, दोन टोकं स्वतः धरली आणि उरलेली दोन चिंगीकडे फेकली. दोघी घडी घालू लागल्या. लहानपणी चिंगीला उंची पुरायची नाही म्हणून ती स्टुलावर उभी राहायची.

"येते मी," तिसऱ्या चादरीला आत्या म्हणाली. "पण तिथे गोलगोल बोलायचं नाही. विचारतील ते सगळं सांगायचं, दाढेसकट."

"सांगेन."

"आणि मधल्या काळात मला खत कोण घालत होतं तेही विचारून ठेव तुझ्या काकांना."

*

गुरुवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी चिंगीने खिडकी क्रमांक सातपुढे पुन्हा उजवा हात वर केला, आणि या वेळी तो खाली घेतल्याबरोबर बोलायला लागली. आजोबांच्या पाटीपासून बक्षिसाच्या फोटोपर्यंत सगळं सांगितलं. मूळ फोटो पुसले गेलेत हेही सांगितलं. तिचं तिलाच ऐकू येत होतं की हे एखाद्या फारशा हुशार नसलेल्या लबाडाने रचल्यासारखं वाटतंय.

"मूळ फोटो नाहीत," अधिकारी बाई म्हणाल्या.

"मूळ माणूस आणलंय," आत्या म्हणाली.

बाईंनी आत्याचं ओळखपत्र पाहिलं, कोऱ्या कागदावर तिची सही घेतली आणि दाखल्यावरच्या सहीशेजारी ठेवली. मग त्यांनी तो फोटो उचलला, काचेला आतून टेकवून धरला आणि म्हणाल्या, "कृपया तसाच हात ठेवा."

आत्या चिंगीच्या उजव्या बाजूला सरकली आणि तिने खांद्यावर हात ठेवला. काही जुळवावं लागलं नाही. बोटं जिथे पडायची तिथेच पडली. चिंगी सरळ उभी होती, पण चौदा महिन्यांनी तो भार खांद्यावर आला तेव्हा ती चक्क रडायला लागली. काकूच्या एकशे बारा उत्तरांत रडणं कुठेच नव्हतं.

बाई एकदा फोटोकडे, एकदा हाताकडे पाहत होत्या. त्यांचा चष्मा पुन्हा पुन्हा घसरत होता. "डाग आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "तो इथेही आहे." त्यांनी फोटो खाली ठेवला. "आणि रागावलं की नेहमी असंच करतात?"

"हो."

"आमच्याकडे लोक रागावले की फोन उचलत नाहीत. हे फारच मेहनतीचं आहे." त्यांनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. "स्टुडिओबद्दल मला एक टीप लिहावी लागेल. यापुढे तिथल्या फोटोंकडे आम्ही जरा नीट पाहू. आता तुम्हाला घरी काय होईल?"

"संध्याकाळपर्यंत मीही कुंडी," चिंगी डोळे पुसत म्हणाली.

बाईंनी शिक्का उचलला आणि मारला. चौदा महिन्यांचा प्रश्न एका आवाजात संपला. "अभिनंदन. पासपोर्ट आठवड्याभरात मिळेल. नवीन ठिकाणी फोटो काढा," त्या म्हणाल्या. "पुष्कळ."

"तुमच्या चष्म्याच्या डाव्या दांडीचा स्क्रू सैल झालाय," चिंगी म्हणाली. "एक आटा फिरवला की घसरणार नाही."

*

काकांनी वाटसुद्धा पाहिली नव्हती. चिंगी स्टुडिओत आली तेव्हा मोठा फोटो भिंतीवरून उतरवून टेबलावर आडवा ठेवलेला होता. काच काढली होती, बाबांच्या पुढ्यात रंगाच्या वाट्या होत्या. भिंतीवर फोटोच्या आकाराचा पांढराशुभ्र चौकोन उघडा पडला होता.

"मिळाला?" काकूने विचारलं.

"मिळाला."

काकूच्या तोंडावर आनंद फुटला, मग तिने काकांकडे पाहिलं आणि तो तसाच अर्ध्यावर आवरला. "घोरण्याचं नाहीच विचारलं ना," ती पुटपुटली आणि डोळ्यांना पदर लावायच्या निमित्ताने बाहेर गेली.

"खिडकीवरच्या बाईने काही लिहिलं असेल दुकानाबद्दल," काका म्हणाले.

"लिहिलंय. आता तुमच्या फोटोंकडे नीट बघणार आहेत."

"ऐकलंस, धाकट्या? नीट बघणार आहेत." काकांनी टेबलावर बोट आपटलं. "संध्याकाळी फोटो भिंतीवर पाहिजे. रुंद पानांची लाव." आणि ते शटरजवळ जाऊन रस्त्याकडे तोंड आणि दुकानाकडे पाठ करून उभे राहिले.

चिंगी टेबलापाशी आली. तिने पिशवीतून चष्म्याच्या दुकानातलं भिंग काढलं. काचेवरचे ओरखडे बघायला ती ते नेहमी जवळ ठेवायची. सहज तिने ते मोठ्या फोटोवर धरलं. स्वतःला शेवटचं बघून घ्यावं म्हणून.

भिंग आधी आत्याच्या कुंडीवर आलं. पानांमागे भिंतीवर अंबाड्याची सावली होती. अगदी फिकट, पण अंबाड्याचीच. चिंगीने भिंग पुढे सरकवलं. परजातीत लग्न केलेल्या चुलतभावाच्या कुंडीखाली बुटाचं टोक होतं, नाडी सुटलेलं. ताटावरून उठून गेलेल्या मधल्या काकांच्या कुंडीतून, पानाच्या देठासारखं दिसेल असं, चष्म्याच्या दांडीचं टोक डोकावत होतं. तिने एकेक करून नऊही कुंड्या पाहिल्या. एक बटण. खुर्चीच्या पाठीवर चार बोटं. मग ती उठली आणि भिंतीवरच्या सगळ्यात जुन्या फोटोपाशी गेली, ज्यात आजोबांच्या भावाच्या जागी बाबांनी सोळाव्या वर्षी पहिली कुंडी रंगवली होती. मातीत काठीचं टोक रुतलेलं होतं.

या भिंतीखाली काका तीस वर्षं बसत होते. जे फोटो आपले म्हणून मिरवले ते स्वतः कधी काढलेच नाहीत, अशा माणसाला त्यांच्याकडे नीट बघायची सवय कुठून लागणार?

ती परत येऊन बाबांशेजारी बसली. बाबांचा ब्रश वाटीत बुडालेला होता. त्यांनी वर पाहिलं नाही. फोटोत पाच वर्षांची चिंगी पुढच्या रांगेत उभी होती, दात पडलेले, मोजा घसरलेला, आणि तिच्या मुठीत शेजारच्या बाबांचं एक बोट होतं.

"चष्मा मी बसवला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "नंबर बरोबर होता."

"बरोबरच आहे," बाबा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत कधी?"

बाबांनी ब्रशचं टोक वाटीच्या काठावर निथळलं. "बोलणाऱ्यांच्या कुंड्या मला रंगवाव्या लागतात," ते म्हणाले. "माझी कुणी रंगवली असती? त्याला काही ठेवायचं कळलं असतं का?"

शटरजवळ काका घड्याळात बघत होते. चिंगीला रागही आला आणि बाबांच्या खांद्यावर डोकं टेकावंसंही वाटलं. तिने दुसरं केलं.

"माझं काय ठेवणार?"

बाबांनी पहिलं पान काढायला सुरुवात केली. हात जराही हलत नव्हता. तिच्या कपाळावरून, एका डोळ्यावरून, पडलेल्या दातांवरून हिरवा रंग खाली उतरत गेला. मुठीजवळ येऊन ब्रश थांबला.

"ही मूठ," ते म्हणाले. "ती काढायची तर माझं बोट काढावं लागेल. दादाला सांगतो, तेवढं जमत नाही."